एका ओळींतली यादी



संगणकाला काम सांगण्याच्या ज्या अनेक भाषा आज प्रचारांत आहेत, त्यांपैकीं पायथॉन नांवाच्या भाषेंतील एका ओळीविषयीं मी आज बोलणार आहें. ही ओळ जेमतेम वीतभर लांबीची असते, आणि जाणता मनुष्य ती एका दमांत लिहून जातो. परंतु याच ओळीपायीं माझ्या वर्गांतील एका मुलीवर अन्याय झाला, आणि तो माझ्याच हातून झाला. त्याचें परिमार्जन करतां करतां नवशिक्याला ही ओळ कशी शिकवावी याविषयीं जें कांहीं माझ्या ध्यानांत आलें, तें आपल्यापुढें ठेवावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

ज्यांचा या विषयाशीं परिचय नाहीं, त्यांच्यासाठीं आधीं दोन शब्द सांगतों. पायथॉन म्हटल्याबरोबर डोळ्यांपुढें अजगर उभा राहतो. पण भाषेचें हें नांव 'मॉन्टी पायथॉन' या ब्रिटिश विनोदी नटमंडळावरून घेतलेलें आहे. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं १९८९ च्या डिसेंबरांत, ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेंत असतांना, ती रचावयास घेतली आणि १९९१ मध्यें लोकांपुढें ठेविली. त्याच संस्थेंत पूर्वीं 'एबीसी' नांवाची एक भाषा खास नवशिक्यांसाठीं तयार झाली होती, व रॉसम यांनीं तिच्यावर काम केलें होतें. तेव्हां नवशिक्याची काळजी पायथॉनला जन्मतःच लाभली आहे, असें म्हटलें तरी चालेल. आपल्याकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या ११ वी व १२ वीच्या संगणकशास्त्रालाहि हीच भाषा नेमलेली आहे.

आतां घडलें तें सांगतों. माझ्या वर्गांत येणारे बहुतेक विद्यार्थी मराठी शाळांतून आलेले. एके दिवशीं मीं त्यांना एक साधें उदाहरण घातलें. पांच विद्यार्थ्यांचे गुण असे आहेत: ४२, २८, ६७, ३१ आणि ९०. प्रत्येकाला ५ वाढीव गुण द्यावे, आणि तसे दिल्यावर ज्यांचे गुण ३५ किंवा अधिक होतील, त्यांचीच नवी यादी करावी.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनें पांच ओळी लिहिल्या. तिनें सगळीं नांवें मराठींत योजिलीं होतीं. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, आपण योजिलेलीं नांवें देवनागरींत लिहितां येतात. 'फॉर', 'इन', 'इफ' हे भाषेचे मूळचे शब्द मात्र इंग्रजीच राहतात. पहिल्या ओळींत तिनें 'निकाल' नांवाची रिकामी यादी मांडली. दुसरींत 'फॉर गुण इन गुणयादी' असें लिहिलें. म्हणजे गुणयादींतील एकेक गुण क्रमानें हातीं घे. तिसरींत त्यांत ५ मिळवून 'नवे' हा आंकडा केला. चौथींत 'इफ', म्हणजे जर, हा नवा आंकडा ३५ किंवा अधिक असेल तर, अशी अट घातली. पांचवींत 'अपेंड' या आज्ञेनें तो आंकडा निकालाच्या शेवटीं नेऊन ठेविला. या रचनेला आम्ही आवर्तन, किंवा वर्गाच्या बोलींत लूप, म्हणतों.

तिचें काम पाहून मला उत्साह आला. मी फळ्याजवळ गेलों आणि म्हणालों, "या पांच ओळींचें काम एकाच ओळींत होतें, पहा." मग चौकटी कंस उघडून मीं लिहिलें: गुण अधिक ५, फॉर गुण इन गुणयादी, इफ गुण ३५ किंवा अधिक; आणि कंस पुरा केला. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. शिक्षकाला टाळ्या क्वचितच मिळतात. त्यामुळें मीहि थोडा फुगलों. इतक्यांत ती मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, माझ्या यादींत चार आंकडे येतात, तुमच्या यादींत तीनच आले. माझें कुठें चुकलें?" तिच्या संगणकाकडे न पाहतांच मीं उत्तर दिलें, "लूपमध्यें कांहीं तरी घोटाळा झाला असेल. आतां ही ओळच लिहून घे." तिनें आपल्या पांचहि ओळी पुसून टाकल्या आणि माझी ओळ उतरून घेतली. त्यानंतर त्या दिवशीं तिनें दुसरा प्रश्न विचारला नाहीं.

रात्रीं दुसऱ्या दिवसाची तयारी करीत असतां तीच ओळ पुन्हां डोळ्यांखालून गेली, आणि माझा प्रमाद मला दिसला. तिच्या यादींत ४७, ७२, ३६ आणि ९५ असे चार आंकडे होते. माझ्या यादींत ४७, ७२ आणि ९५ एवढेच. ज्याला मूळचे ३१ गुण होते, त्याला ५ गुण देऊन ३६ करावयाचे आणि मग पाहावयाचें, असें उदाहरणांत स्पष्ट म्हटलें होतें. माझ्या ओळीनें आधीं ३१ ची परीक्षा घेतली, त्याला नापास ठरविलें, आणि उरलेल्या तिघांनाच वाढीव गुण वांटले. संगणकानें याबद्दल एका अक्षरानेंहि तक्रार केली नव्हती. कारण व्याकरणदृष्ट्या ओळ निर्दोष होती. येथें नापास झाला तो फळ्यावरचा आंकडा. पण उद्यां हीच मुलें एखाद्या कचेरींत बसून शिष्यवृत्त्यांच्या किंवा शिधापत्रिकांच्या याद्या करतील, आणि तेव्हां अशा ओळीनें गाळलेला ३१ हा कोणाचा तरी मुलगा असेल.

ही चूक माझ्यासारख्या सरावलेल्या माणसाकडून कां झाली? कारण असें कीं, ही ओळ ज्या क्रमानें लिहिली जाते त्या क्रमानें ती चालत नाहीं. लिहितांना 'गुण अधिक ५' हें आधीं येतें, म्हणून वाचणाराला वाटतें कीं बेरीज आधीं झाली आणि परीक्षा नंतर. संगणक मात्र मधून आरंभ करतो. प्रथम 'फॉर गुण इन गुणयादी' पाहून तो एक गुण उचलतो. मग शेवटीं जाऊन 'इफ' ची अट तपासतो. अट पुरी झाली तरच तो ओळीच्या तोंडाशीं परत येतो, ५ मिळवितो आणि आलेला आंकडा यादींत ठेवितो. मध्य, अंत आणि आरंभ असा त्याचा प्रवास आहे. डावीकडून उजवीकडे वाचण्याची संवय असलेल्या नवशिक्याला हें कोणी सांगितलें नाहीं, तर तो फसतो. आणि सांगणारा स्वतःच विसरला तर काय होतें, तें आपण ऐकलेंच.

दुसऱ्या दिवशीं मीं वर्गाला सर्व कांहीं सांगितलें. तिचें उत्तर बरोबर होतें, माझें चूक होतें, आणि न पाहतां तिला दोष दिला ही त्याहून मोठी चूक होती, असें मीं म्हणालों. त्या मुलीला फळ्याजवळ बोलावून तिच्या पांच ओळी पुन्हां लिहावयास सांगितल्या. मग मीं विचारलें, "आतां माझी ओळ दुरुस्त कशी करावी?" तिनें क्षणभर पाहिलें आणि म्हणाली, "सर, अटींतहि गुण अधिक ५ असेंच लिहावें लागेल." तेंच बरोबर होतें. खाली बसण्यापूर्वीं तिनें आणखी एक प्रश्न केला, "मग पांच ओळीच ठेवल्या तर चालतील ना?" चालतील, असें मीं सांगितलें, आणि त्या दिवसापासून माझी शिकविण्याची रीत बदलली.

या रचनेला इंग्रजींत 'लिस्ट कॉम्प्रिहेन्शन' म्हणतात. लिस्ट म्हणजे यादी, हें सर्वांस ठाऊक आहे. पण कॉम्प्रिहेन्शन म्हणजे आकलन, असा शाळेंत पाठ केलेला अर्थ मनांत आला, कीं विद्यार्थी गोंधळतो. येथें त्या शब्दाचा अर्थ आकलन असा नसून कवेंत घेणें, समाविष्ट करणें असा आहे, आणि तो गणितांतील समुच्चयांच्या शास्त्रांतून आला आहे. एखादा गुणधर्म सांगावा आणि तो ज्यांच्या ठायीं आहे त्या सर्वांना एका समुच्चयांत घ्यावें, ही ती कल्पना. ती दिसावयास निरुपद्रवी आहे. पण १९०१ मध्यें बर्ट्रांड रसेल यांनीं तिच्या पोटांतील विसंगति दाखविली. जे समुच्चय स्वतःचेच घटक नाहींत, अशा सर्व समुच्चयांचा एक समुच्चय केला, तर तो स्वतःचा घटक आहे कीं नाहीं? आहे म्हणावें तर नाहीं ठरतो, आणि नाहीं म्हणावें तर आहे ठरतो. यावर अर्न्स्ट झर्मेलो यांनीं १९०८ मध्यें असा निर्बंध घातला, कीं नुसत्या गुणधर्मावरून समुच्चय निर्माण करूं नये. आधीं एखादा असलेला समुच्चय हातीं घ्यावा, आणि मग त्यांतून गुणधर्माप्रमाणें निवड करावी.

घरांत तांदूळ निवडणाऱ्या कोणत्याहि गृहिणीला हा निर्बंध नवा वाटणार नाहीं. आधीं परात पुढें ओढावी, मग दाणा पाहावा, खडा असेल तर टाकावा. परातीवांचून निवडणें संभवतच नाहीं. पायथॉनच्या ओळींतील 'फॉर गुण इन गुणयादी' हा भाग म्हणजे ही परात होय. म्हणून मी आतां विद्यार्थ्यांना ओळ दिसतांच पहिला प्रश्न विचारतों, "परात कोणती?" दुसरा विचारतों, "खडा कोणता?" आणि तिसरा, "निवडलेल्या दाण्याचें काय करावयाचें?" हे तीन प्रश्न याच क्रमानें विचारले, कीं वाचणारा आपोआप संगणकाच्या वाटेनें चालूं लागतो.

गणितांतली ही कल्पना संगणकांत यावयास बराच काळ लागला. १९६९ च्या सुमारास निघालेल्या 'सेटल' या भाषेंत समुच्चय रचण्याची अशी सोय होती. पुढें डेव्हिड टर्नर यांनीं आपल्या भाषेंत झर्मेलो व फ्रँकेल या गणितज्ञांच्या नांवांच्या आद्याक्षरांवरून तिला 'झेडएफ एक्स्प्रेशन' असें म्हटलें, आणि 'लिस्ट कॉम्प्रिहेन्शन' हें आजचें नांव फिलिप वॉडलर यांनीं दिलें. हॅस्केल नांवाच्या भाषेंतून ही रचना पायथॉननें घेतली, आणि २००० सालच्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध झालेल्या २.० या आवृत्तींत ती प्रथम आली. म्हणजे पहिलीं नऊ वर्षें पायथॉनचा संसार या ओळीवांचून सुरळीत चालला होता. भाषा जर नऊ वर्षें थांबूं शकली, तर नवशिक्याला नऊ आठवडे थांबावयास सांगण्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

याच ठिकाणीं मराठी विद्यार्थ्याला एक अनपेक्षित लाभ आहे, तो सांगितल्यावांचून मला राहवत नाहीं. ओळीची ठेवण इंग्रजी वाक्याची आहे. हवी ती वस्तु आधीं, ती कोठून घ्यावयाची तें नंतर, आणि अट सर्वांच्या शेवटीं. मराठींत आपण असें बोलत नाहीं. आपण म्हणतों, "गुणयादींतला जो जो गुण ३५ किंवा अधिक असेल, त्या त्या गुणांत ५ मिळवा." परात आधीं, अट मग, आणि क्रिया शेवटीं. हा संगणकाच्या कामाचा अगदीं तंतोतंत क्रम आहे! माझी चुकलेली ओळ मीं त्या दिवशीं मनांतल्या मनांत जरी मराठींत वाचली असती, तरी ३१ गुणांचा विद्यार्थी कोठें अडला हें मला तत्काळ कळलें असतें. तेव्हांपासून माझा नियम असा, कीं 'जो जो' आणि 'तो तो' यांनीं बांधलेलें मराठी वाक्य तोंडानें म्हणून दाखविल्याखेरीज कोणीहि ही ओळ लिहावयाची नाहीं.

आतां शिकविण्याचा क्रम थोडक्यांत सांगतों. आरंभीं कित्येक दिवस केवळ आवर्तनच लिहूं द्यावें. रिकामी यादी मांडणें, एकेक वस्तु उचलणें, तपासणें, ठेवणें, हें बोटांच्या अंगवळणीं पडलें पाहिजे. मग एके दिवशीं त्याच आवर्तनाची घडी घालून दाखवावी. 'अपेंड' च्या कंसांत जें होतें तें ओळीच्या तोंडाशीं न्यावें. 'फॉर' ची ओळ त्याच्यामागें ठेवावी. 'इफ' ची अट तिच्यामागें. आणि भोंवतीं चौकटी कंस घालावा. रिकामी यादी आणि 'अपेंड' यांचें काम त्या कंसानेंच होतें. एकहि नवा शब्द लागत नाहीं, फक्त जागा बदलतात, हें मुलांनीं डोळ्यांनीं पाहिलें कीं ओळीची भीति मोडते. ही घडी उलट उलगडण्याचाहि अभ्यास द्यावा. ज्याला ओळीवरून आवर्तन परत लिहितां येतें, त्यालाच ती ओळ समजली असें मी मानतों.

दुसरी गोष्ट, संगणकाला विचारण्यापूर्वीं उत्तरांत किती वस्तु येतील हें मुलांना सांगावयास लावावें. नुसता 'फॉर' असेल, तर पांच वस्तूंच्या पांचच राहतील. शेवटीं 'इफ' असेल, तर पांच किंवा त्यांहून कमी. एकामागें एक दोन 'फॉर' असतील, तर गुणाकार होईल. इयत्ता ८ वी, ९ वी, १० वी आणि तुकड्या अ व ब अशा घेतल्या, तर सहा जोड्या निघतात. आणि त्या ८ अ, ८ ब, ९ अ, ९ ब अशा क्रमानें येतात, कारण पहिला 'फॉर' सावकाश चालतो आणि दुसरा त्याच्या प्रत्येक पावलाला पुरी फेरी घालतो. त्या दिवशीं माझ्या विद्यार्थिनीनें चार आणि तीन यांची जी तुलना केली, ती हीच कसोटी होती. मींच ती ओळखली नाहीं.

तिसरी गोष्ट 'इफ' च्या जागेची. नवशिक्यांच्या चुकांपैकीं फार मोठा वांटा या एका शब्दाकडे जातो. ओळीच्या शेवटीं बसलेला 'इफ' हा दाराशीं उभा असलेला द्वारपाल आहे. तो कोणाला आंत घ्यावें हें ठरवितो. ओळीच्या तोंडाशीं 'एल्स' ला बरोबर घेऊन बसलेला 'इफ' मात्र कोणालाहि अडवीत नाहीं. आंत आलेल्याला कोणतें रूप द्यावें एवढेंच तो सांगतो. गुण ३५ किंवा अधिक असेल तर गुणच, नाहीं तर शून्य, असें तोंडाशीं लिहिलें, तर ४२, ०, ६७, ०, ९० अशी पांच आंकड्यांचीच यादी मिळते. तोंडाशीं 'इफ' लिहून 'एल्स' गाळला, तर पायथॉन ती ओळ स्वीकारीतच नाहीं. हा फरक नियम म्हणून पाठ करून राहत नाहीं. वस्तूंची मोजणी करावयास लावली, कीं तो कायमचा राहतो.

आणखी एक मोह टाळावयास शिकविलें पाहिजे. ही ओळ यादी करण्यासाठीं आहे, नुसतें काम करवून घेण्यासाठीं नाहीं. कित्येक मुलें कंसांत 'प्रिंट गुण, फॉर गुण इन गुणयादी' असें लिहितात. गुण पडद्यावर उमटतात खरे; पण त्यांच्या पाठोपाठ 'नन' हा शब्द पांच वेळां लिहिलेली एक यादीहि तयार होते. 'प्रिंट' कांहींच परत देत नाहीं, आणि त्या 'कांहीं नाहीं' चीच पायथॉननें इमानें इतबारें यादी केलेली असते. यादी नको असेल तेथें सरळ आवर्तन लिहावें. तसेंच दोन अटी, दोन 'फॉर' आणि एखादें लांबलचक सूत्र एका कंसांत कोंबलेलें आढळलें, तर मी तें मोडून पुन्हां पांच ओळी करावयास सांगतों. ही ओळ आवर्तनापेक्षां बहुधा किंचित् वेगानें चालते, हें खरें आहे. परंतु नवशिक्याच्या कामांत तो फरक जाणवण्याजोगा नसतो, आणि न समजलेल्या ओळीनें चुकीचें उत्तर लवकर मिळण्यांत कोणाचाच लाभ नाहीं.

यावरून ही रचना शिकवूंच नये, असा अर्थ कोणी काढूं नये. ती सुंदर आहे, आणि योग्य जागीं फार उपयोगी आहे. जी गोष्ट मनांत एका वाक्यांत सांगतां येते, ती कागदावरहि एका ओळींत यावी, यांत एक समाधान आहे, आणि त्या समाधानाला विद्यार्थ्यानें मुकूं नये. माझें म्हणणें इतकेंच आहे, कीं आखूड ओळीनें विद्यार्थ्याला दिपवूं नये, आणि त्याच्या लांब ओळींना कमी लेखूं नये. ज्यानें पांच ओळी स्वतः विचार करून लिहिल्या, त्याच्या पांच ओळी आपण आधीं नीट वाचाव्या.

त्या मुलीनें आतां अभ्यासक्रम पुरा केला आहे. तिच्या शेवटच्या कामांत मला दोन ठिकाणीं एका ओळींतली यादी आढळली, आणि एका ठिकाणीं, जेथें अटी तीन होत्या, तेथें तिनें सरळ आवर्तन ठेविलें होतें. असें कां, म्हणून मीं विचारलें नाहीं. मीं तिन्ही जागा सावकाश वाचल्या, उत्तरांतल्या वस्तु मोजून पाहिल्या, आणि मगच गुण दिले.